आठ नंबरचा कोप

"सातही बहिणी झोपवा!" कंदीलबाबा गरजले, आणि बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यात अकरा वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी सातही मशिनी एकदम बंद झाल्या.

नव्या शेडमध्ये दोनशे माणसं दाटीवाटीनं उभी होती. पहिल्या पाळीच्या बाया, दुसऱ्या पाळीचे आधीच येऊन बसलेले गडी, गेटवरचे वॉचमन, कँटीनचा आचारी. प्रत्येकाचा मोबाइल हवेत. मधोमध आठ नंबरची मशीन हळद-कुंकवानं माखलेली आणि तिच्यासमोर बाबा. भगवी सिल्कची लुंगी, मनगटावर जाडजूड घड्याळ, हातात पेटता पितळी कंदील.

"ही मशीन नाही, बाळांनो. ही माता आहे," बाबा म्हणाले. "तिकडे जुन्या शेडमध्ये सात बहिणी. ही आठवी. सातजणी भरल्या संसारात, ही एकटी कोपऱ्यात. रुसणार नाही तर काय करेल? तुमचे इंजिनीअर व्होल्टेज शोधतात. अरे, वीज कालची पोर आहे! ज्योत सनातन आहे! निगेटिव्ह ऊर्जा मीटरवर दिसते का कधी?"

"नाई दिसत!" गर्दी म्हणाली.

बाबांनी कंदील तीनदा ओवाळला आणि मशीन सुरू करायची खूण केली. मशीन सुरू झाली. वरचा रोलर खाली आला, कापड सरकू लागलं. दोन महिने जी मशीन धड दहा मिनिटं चालत नव्हती, मधेच थांबायची, मग कुणी हात न लावता आपली आपण चालू होऊन सुटायची, ती त्या दिवशी तासभर एकदाही थांबली नाही. बाया रडल्या. वॉचमननं साष्टांग नमस्कार घातला. आमचे मॅनेजर विक्रमसाहेब बूट काढून बाबांच्या पाया पडले.

मी मनोहर. कारखान्याचा इलेक्ट्रिकल सुपरवायझर. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो आणि मनातल्या मनात हसत होतो. बाबावर माझा कवडीचा विश्वास नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात या अविश्वासाचा कुणालाही उपयोग झाला नाही.

प्रसाद वाटताना बाबांचा हात एका बाईपाशी थांबला. ती आठ नंबरवर पहिल्या पाळीला काम करणारी कौसल्या. पस्तिशीची, नवरा गेलेला, मुलगी दहावीला. तिनं हात पुढं केला नव्हता.

"घे, बेटी."

"नको, महाराज. आमच्या घरी नाई चालत," ती सरळ म्हणाली. "माह्या आज्यानं छप्पन साली धम्माची दीक्षा घेतली. तवापासून कोण्या बाबापुढं हात नाई पसरला आमी."

बाबा हसले. पण मी त्यांचे डोळे पाहिले. त्यांनी तिचा चेहरा नीट लक्षात ठेवला होता.

बाबांची गाडी गेटबाहेर पडली, सातही मशिनी पुन्हा सुरू झाल्या आणि पंधरा मिनिटांत आठ नंबर थांबली. थोड्या वेळानं आपली आपण सुटली. पुन्हा थांबली. श्वास लागलेल्या म्हातारीसारखं तिचं चालू-बंद सुरू झालं.

विक्रमसाहेबांनी बाबांना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"माता शांत झाली होती," बाबा म्हणाले. "कुणीतरी अपवित्र पुन्हा जवळ गेलं. प्रसाद कोणी नाकारला होता?"

त्यानंतरचे आठ दिवस कौसल्येचे कसे गेले ते मी पाहिलं. कँटीनमध्ये तिच्या टेबलावरून बाया उठून जायच्या. तिच्या डब्यात कुणीतरी राख टाकली. रुखमाबाई नावाची वयस्कर बाई होती, जिनं कौसल्येला हे काम शिकवलं होतं. तीच सगळ्यांना हिशोब समजावू लागली.

"पाहा ना वं, दुसऱ्या पाळीले मशीन कमी थांबते. हिच्याच पाळीले काहून थांबते? काहीतरी आहे म्हणूनच ना?"

बरोबर होतं तिचं म्हणणं. पहिल्या पाळीलाच मशीन जास्त थांबायची. का, हा प्रश्न रुखमाबाईनं विचारला तरी होता. मी पगारी माणूस, मी तोही विचारला नाही.

पुढच्या मंगळवारी बाबा पुन्हा आले. या वेळी माल अडला होता म्हणून विक्रमसाहेबांनी जुनं शेड बंद करू दिलं नाही. सातही मशिनी धडधडत होत्या. बाबा खुर्ची टाकून आठ नंबरसमोर तासभर बसले. ती थांबताना पाहिली, सुटताना पाहिली. घड्याळाकडं पाहिलं. मग उभे राहिले.

"आज निवाडा होईल," ते म्हणाले. "मशीन थांबली की माता झोपली समजा. तेव्हा या बाईनं रोलरवर हात ठेवायचा. मी एक्कावन्न मोजेन. दोष नसेल तर माता झोपून राहील. दोष असेल तर..." त्यांनी कंदील खाली ठेवला. "मातेची मर्जी."

"हे का करून राहिले तुमी?" कौसल्या विक्रमसाहेबांकडं वळली. "साहेब, तुमी शिकलेले ना?"

साहेब मोबाइलमध्ये पाहत म्हणाले, "ठेव ना हात. नसेल काही तर घाबरतेस कशाला? नाही तर उद्यापासून येऊ नको."

"ठेव, वं," रुखमाबाई म्हणाली. "साऱ्यायचा जीव टांगणीले लावून राहिली तू."

मागून बाया ओरडू लागल्या. कुणीतरी तिला पाठीत ढकललं. कौसल्येनं पदर खोचला.

"ठेवतो," ती म्हणाली. नागपूरच्या बाया रागात अशाच बोलतात, गड्यासारख्या. "भ्यायची गरजच नाई मले. लोखंडाची मशीन आहे ते. तिले का समजते कोन पवित्र अन् कोन अपवित्र."

तेवढ्यात मशीन थांबली. वरचा रोलर वर गेला. दोन रोलरच्या मधल्या फटीत, खालच्या रोलरवर, तिनं उजवा हात सपाट ठेवला.

"एक," बाबा म्हणाले. "दोन."

मी दहा पावलांवर होतो. मशीन आपली आपण सुटते हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण ती का सुटते हे फक्त मला आणि साहेबांना ठाऊक होतं. चालू करायचं बटण दर खेपेला दाबावं लागू नये म्हणून साहेबांच्या सांगण्यावरून ते काढून फिरवायचा स्विच मीच बसवला होता. तो चालूवर ठेवला की ठेवला. मी तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड मिटलं. मनाशी म्हटलं, एवढ्यात नाही सुटणार.

"अडतीस. एकोणचाळीस."

चाळीसला रोलर खाली आला.

ती किंचाळी मी लिहून दाखवणार नाही. मी स्विचपर्यंत पोचलो तेव्हा उशीर झाला होता. आणि त्या सगळ्या गोंधळात बाबांचा आवाज शांत होता. "पाहिलं? मातेनं ओळखलं."

लोकांनी हात जोडले. कौसल्या खाली पडलेली, आणि दोनशे माणसांनी मशीनला हात जोडले.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तिची चार बोटं काढावी लागली. अंगठा राहिला. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर खाटेशेजारी तिची नणंद बसली होती. शोभाताई. आयटीआयमध्ये मुलांना वीजतंत्रीचं काम शिकवतात. जाड चष्मा, कापसाची साडी, मांडीवर वही.

"तुम्ही इलेक्ट्रिकल पाहता ना?" त्यांनी विचारलं. "मशीन थांबली होती आणि आपोआप सुटली असं वहिनी म्हणते. कंट्रोलचा सप्लाय किती व्होल्टचा?"

"चोवीस."

"पॅनल कुठं?"

"जुन्या शेडच्या टोकाले."

"म्हणजे आधी सात मशिनी आणि त्याच ओळीतून पुढं नव्या शेडमध्ये आठवी. मधलं अंतर?"

"सत्तर मीटर."

"त्या सत्तर मीटरला वायर कोणती टाकली?"

"अडीच एमएमची," मी म्हणालो.

हे खोटं होतं. कौसल्येनं खाटेवरून माझ्याकडं पाहिलं. मी केळी ठेवली आणि निघून आलो.

इकडं आठ नंबरवर उभं राहायला कुणीच तयार होईना. रुखमाबाईसुद्धा. मग साहेबांनी तिसरा कार्यक्रम ठरवला. दोषनिवारण, कामगारांच्या घरच्यांसकट. रविवारी सकाळी शेडमध्ये चारेकशे माणसं जमली. बाबांचे दोन चेले मोबाइलवर सगळं थेट दाखवत होते. बाबांनी कंदील ओवाळायला घेतला, तेवढ्यात गर्दीतून शोभाताई पुढं आल्या. त्यांच्या मागं कौसल्या. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून गळ्यात अडकवलेला.

गर्दी दुभंगली. काही बायांनी लेकरं पोटाशी ओढली.

"बाबा," शोभाताई म्हणाल्या, "तुमच्या मातेची परीक्षा घ्यायची आहे. तुम्ही भिंतीकडं तोंड करून उभे राहा. वहिनी पलीकडं गेटपाशी जाऊन बसेल. मशीनजवळ कुणीच नको. मी जुन्या शेडमधल्या मशिनी कधी चालू करायला सांगेन, कधी बंद. तुम्ही फक्त सांगायचं, माता कधी रुसेल."

"देवाची परीक्षा घेतेस?"

"तुम्ही माणसाची घेतली ना."

साहेब पुढं झाले, पण चेल्यांच्या मोबाइलवर हजारो लोक पाहत होते. बाबांनी हसून मान डोलावली. त्यांना वाटलं असेल, निभावून नेऊ.

सातही बंद. आठ नंबर चालू केली. दहा मिनिटं सुरळीत चालली. शोभाताईंनी हात वर केला, जुन्या शेडमध्ये सातही सुरू झाल्या. दोन मिनिटांत आठ नंबर मान टाकून थांबली. पुन्हा सात बंद, आठवी सुरळीत. पुन्हा सात चालू, आठवी बंद. पाच वेळा असं झालं. बाबांनी दोनदा "रुसली" म्हटलं, दोन्ही वेळा ती मजेत चालली होती. पाचव्या वेळी गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"अन् कौसल्या तं गेटपाशी आहे," मागून एक गडी म्हणाला.

"आता एकच राहिलं," शोभाताई म्हणाल्या. त्यांनी जुन्या शेडकडं पाहिलं. सातही धडधडत होत्या. आठ नंबर नुकतीच थांबली होती, रोलर वर गेला होता. "बाबा, तुम्ही तर पवित्र. ठेवा हात. मी एक्कावन्न मोजते."

बाबांनी हात मागं घेतला.

"ठेवा हात!" कुणीतरी ओरडलं. मग दहा जण ओरडले. मग सगळं शेड. परवापर्यंत हात जोडणारी तीच तोंडं. दोन गड्यांनी बाबांना दंडाला धरलं आणि मशीनकडं ओढलं. कंदील खाली पडून तेल सांडलं. बाबांची लुंगी सुटू लागली. ते ओरडत होते, "सोडा! अरे सुटते ती, चाळीस मोजेपर्यंत सुटते!"

ओढणारे गडी थबकले.

"तुमाले माहीत होतं," कौसल्या म्हणाली. ती गेटपासून कधी परत आली होती कोण जाणे. "माहीत होतं, तरी एक्कावन्न सांगितले."

गड्यांनी त्यांचा पंजा रोलरच्या दिशेनं ताणला.

"ठेवू द्या त्याले," कौसल्या म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "मोजतो मी."

शोभाताई मधे पडल्या. दोन्ही हातांनी त्यांनी त्या गड्यांना मागं लोटलं. "नाही, वहिनी. हात कुणाचाच नाही." त्यांनी पिशवीतून जाड लाकडी पट्टी काढून रोलरवर ठेवली. कुणी मोजलं नाही. सगळे नुसते पाहत राहिले. रोलर खाली आला आणि पट्टीचे तुकडे उडाले.

कौसल्या तोंड फिरवून उभी राहिली. तिची इच्छा त्या दिवशी पुरी झाली नाही, आणि त्याबद्दल तिनं शोभाताईंना अजून माफ केलेलं नाही.

"आता मनोहरभाऊ सांगतील," शोभाताई माझ्याकडं वळल्या, "त्या सत्तर मीटरला वायर कोणती आहे."

चारशे माणसं माझ्याकडं पाहू लागली. साहेबही. या वेळी मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"अर्ध्या एमएमची," मी म्हणालो. "स्टोअरमध्ये उरलेली होती. साहेब म्हणाले, तीच टाक. मी टाकली." मग मी दवाखान्यातून आल्यापासून खिशात बाळगलेला कागद काढला. मशीन बनवणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक दीड महिन्यापूर्वी येऊन गेला होता, त्यानं लिहून ठेवलेला. "शेवटच्या मशीनला व्होल्टेज कमी. वायर बारीक. बदला, तोवर मशीन चालवू नका." खाली दोन सह्या. एक साहेबांची, एक माझी. "बाबांले सातही मशिनी बंद करायचं साहेबांनी सांगितलं होतं. मी तिथंच उभा होतो."

शोभाताईंनी खडू घेतला आणि मशीनच्या पत्र्यावर लिहायला सुरुवात केली. वर्गात शिकवतात तसंच शिकवलं त्यांनी.

"गावात शेवटच्या घराचा दिवा पाहिला ना? सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की तो मिणमिणतो. वायरीतून जाताना वीज थोडी वाटेत खर्च होते. वायर लांब असली की जास्त, बारीक असली की अजून जास्त, आणि ओढणारे वाढले की त्याहून जास्त. इथं चोवीस व्होल्ट निघतात. ही बारीक वायर सत्तर मीटर. पण वीज जाते तशी परतही येते, म्हणून एकशे चाळीस धरायचे. ती चार व्होल्ट खाते. जुन्या शेडमध्ये सात मशिनी नुसत्या उभ्या असल्या तर दोन व्होल्ट जातात. उरले अठरा. या मशीनच्या मेंदूला निदान सतरा लागतात. म्हणजे कशीबशी चालते. सातही काम करू लागल्या की तिकडंच पाच जातात. उरले पंधरा. मेंदू बेशुद्ध होतो, मशीन थांबते. ती थांबली की तिचं ओढणंही थांबतं, व्होल्टेज चढतं, मेंदू शुद्धीवर येतो. त्याला चाळीसेक सेकंद लागतात. आणि स्विच चालूवरच असतो, म्हणून रोलर खाली येतो. यात माता कुठं आहे?"

"मंग पहिल्याच पाळीले काहून?" रुखमाबाईनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"दुसऱ्या पाळीला किती मशिनी चालतात, मावशी?"

रुखमाबाई बोटांवर मोजू लागली आणि मधेच थांबली. "चार," ती म्हणाली.

मी जाड केबल आणली. पॅनलपासून थेट आठ नंबरपर्यंत वेगळी ओढली. दुपार झाली त्यात, पण एकही माणूस हलला नाही. शोभाताईंनी मीटर लावला आणि आकडा मोठ्यानं वाचला, "तेवीस." सातही मशिनी चालू होत्या. आठ नंबर चालली. पाळी संपेपर्यंत चालली. तेवढ्या वेळात पोलीस आले आणि बाबांना आणि साहेबांना घेऊन गेले. बाबा जीपमध्ये चढत असताना दोन बायांनी त्यांच्या पायांना हात लावला. हेही मी पाहिलं.

माझ्यावरही गुन्हा नोंदला आहे. नोकरी गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

जबानी द्यायच्या दिवशी चौकीच्या बाकावर कौसल्या माझ्या शेजारी बसली होती. डाव्या हातानं सही शिकत होती. अक्षरं पडत-उठत होती.

"तुले माहीत होतं ना गा, मनोहरभाऊ?" तिनं वर न पाहता विचारलं. "मी हात ठेवला तवा."

"हाव," मी म्हणालो.

"बाबावर तुहा विश्वास होता?"

"नाई. कधीच नाई."

"मंग तू त्याच्याहून वाईट," ती म्हणाली आणि पुन्हा सही गिरवू लागली.

कागद सरकू नये म्हणून मी तो धरून बसलो. तुम्हाला एवढंच सांगतो. बाबाला मनात हसणं म्हणजे विवेक नाही. कारण ठाऊक असलेला माणूस गप्प बसतो, त्या रिकाम्या जागेतच बाबा येऊन उभा राहतो. मशीन थांबली, दिवा गेला, लेकरू आजारी पडलं, तर कुणाची नजर लागली हे विचारू नका. कोणी मोजलं, काय मोजलं आणि आकडा किती आला, ते विचारा. आणि आकडा तुमच्यापाशी असेल तर तो मोठ्यानं सांगा, साहेब समोर असला तरी सांगा, आणि कुणी हात पुढं करायच्या आत सांगा.